हद्दीचं झाड

१६ मार्च

पोचलो. उतरताना लाटेने अर्धं पीठ भिजवलं आणि माझा डावा गुडघा खडकावर आपटला. विकी म्हणाली, "पीठ वाळेल." गुडघ्याबद्दल चकार शब्द नाही.

ब्लफ बंदराच्या धक्क्यावर दरवर्षीसारखं सगळं सामान उपसून तपासलं. एक गाभण उंदरीण बेटावर उतरली तर पाखरांचा वंश बुडेल, त्यामुळे तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. पण या वर्षी माझी पिशवी विकीने स्वतः घेतली आणि एकेका मोज्यात हात घालून चाचपला. चौतीस वर्षं मी इथे येतेय, आता या वयात मोज्यात उंदीर लपवून आणणार होते का? रेवी असता तर म्हणाला असता, "ताई, तिला सोड आणि माझे मोजे बघ. उंदीर असलाच तर वासाने मेलेला असेल." पण रेवी नाही. गेल्या ऑगस्टात गेला. नवरा गेला की नणंदेशी दोन हात एकटीनेच करावे लागतात.

संध्याकाळी चहा घेताना तिने विषय काढलाच. "या वर्षी तू रेवीच्या नावावर आलीस. मयताच्या वर्षी कुणी काही बोलत नाही. पुढच्या वर्षीचं काय ते मी निघायच्या दिवशी सांगेन."

यात तिची चूक काढायला जागा नाही. तीती पाखरांची पिल्लं धरायला या बेटांवर पाय ठेवायचा हक्क रक्ताचा असतो. नवऱ्यामागून बायको येते, पण नवरा नाही आणि मूलही नाही म्हटल्यावर त्या घरातल्या रक्ताच्या माणसाने 'ये' म्हणावं लागतं, आणि त्या हंगामात स्वतः बेटावर असावंही लागतं. आमच्या मानुवर, म्हणजे घळीपासून कड्यापर्यंतच्या आमच्या वाट्याच्या जंगलात, रक्ताचं माणूस आता एकच उरलंय, ते म्हणजे विकी. तिची मुलगी पर्थला असते. तिला पाखरांचा वास सोसत नाही.

मी म्हटलं, "सांग सावकाश. माझं हाडन्‌हाड दुखतंय, मला कुठे यायची हौस आहे?"

"मग प्रश्नच मिटला," विकी म्हणाली.

२० मार्च

आज मिठावरून महाभारत. मी झोपडी झाडताना मिठाचा डबा खिडकीतून उचलून फळीवर ठेवला, एवढाच माझा गुन्हा. विकी खिडकीशी उभी राहून ओरडायला लागली, "मीठ कुणी हलवलं? माझ्या आईच्या वेळेपासून मीठ इथे असतं!" डबा तिच्या नाकासमोर, फळीवर. मी म्हटलं, "अगं ते काय समोर." तर म्हणते, "समोर असू दे नाहीतर डोक्यावर, जागच्या जागी ठेव."

मी डबा खिडकीत नेऊन आपटला. मग दिवसभर आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही, आणि झोपडी केवढी, तर एकीने कूस बदलली की दुसरीचं पांघरूण सरकतं.

ही म्हातारी मला काहीतरी निमित्त काढून घालवणार, हे मला दिसतंय. मेच्या शेवटी बोट येईल तेव्हा सगळ्यांसमोर म्हणेल, हिला मिठाची जागासुद्धा कळत नाही.

२५ मार्च

पाऊस. झोपडीपासून संडासापर्यंत विकीने जाड दोरी बांधून घेतली. बांधायचं काम अर्थात माझंच. वर कारण काय, तर "तुझा गुडघा गेलाय, चिखलात पडलीस तर उचलायला माझ्यात ताकद नाही." बोलण्यात काळजी दिसते, पण रोख कुठे आहे ते मला कळतं. म्हणजे मी आता कामाची नाही. ती माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी, चौऱ्याहत्तरची, आणि दोरी मात्र माझ्यासाठी!

आणि दोरी धरून मी एकदाही गेले नाही. तीच येता-जाता धरते, मला दाखवायला.

बिळांची पाहणी करायला जंगलात गेलो तेव्हाही तेच. मला पुढे चालवते. पूर्वी ती पुढे असायची, मधे रेवी, शेवटी मी; गेली दोन वर्षं रेवी पुढे आणि मधे ती. मी विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या बुटांच्या आवाजावर चालायला बरं वाटतं. आणि तोंडाने बोलत जा, काय काय आहे ते. गप्प राहिलीस की झोप येते मला." म्हणून मी फांदी आली, खड्डा आला, ओंडका आला, असं लहान पोराला गोष्ट सांगावी तसं बडबडत चालले. घसा बसला. एका जागी बोलायची राहिले, तर ती ओंडक्याला अडखळून माझ्या पाठीवर आदळली आणि मलाच शिव्या दिल्या.

थकवा येतो तो कामाचा नाही. मनासारखं कुणी बोलायला नसलं की येतो.

१ एप्रिल

आज बिळं उघडली. आडवं पडायचं, खांद्यापर्यंत हात बिळात घालायचा, आणि बोटांना पिल्लाची मऊ लव लागेपर्यंत चाचपत राहायचं. पहिलं पिल्लू हाताला लागलं आणि मला रडू आलं. पूर्वी रेवी आणि मी शेजारी-शेजारी पालथे पडून असायचो, दोघांचे गाल चिखलात, आणि तो विचारायचा, "काय गं, कुणी घरात आहे का?" आज कुणी विचारलं नाही.

विकीचा हात अजून तसाच आहे, ते मान्य करायला हवं. तिच्यासमोर माझी टोपली रिकामीच म्हणायची. पाखराची मान मोडते, पिसं उपटते, गरम मेणात बुडवून लव काढते, सगळं बघायचीही गरज नसल्यासारखं. बोलते माझ्याशी आणि बघते माझ्या कानाकडे. उद्धटपणाच तो. पूर्वी निदान तोंडाकडे बघून टाकून बोलायची.

पहिल्या दिवसाचं पहिलं पाखरू आपण खायचं नसतं, दुसऱ्याला द्यायचं. ते काहूकडे नेऊन दिलं. काहू शेजारच्या मानुवरचा, विकीच्या चुलतभावाचा मुलगा, आणि या वर्षीचा बेटाचा राखणदार. कुणाची कुरबुर असली, कुणी नियम मोडला, की ते त्याच्याकडे जातं. माणूस चांगला आहे, फक्त हसायला वेळ लावतो.

त्याने विचारलं, "आंटी कशा आहेत?"

मी म्हटलं, "जशा होत्या तशाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

"आणि तू?"

मी म्हटलं, गुडघा दुखतोय. तेवढंच म्हटलं.

४ एप्रिल

विकीने आज वाटणी केली. झोपडीच्या अंगाची बिळं माझी, घळीच्या अंगाची तिची. "एकत्र काम केलं की तू फार बोलतेस," म्हणते. तिनेच बोलायला लावलं होतं! सोबत नको तर नको. मीही तोंड वर करून निघाले.

दुपारी तिला डबा द्यायला घळीकडे गेले, तेव्हा पाहिलं की हद्दीचं तुपारे पडलंय. हिवाळ्यातल्या वादळात गेलं असणार. घळीच्या काठावरचं ते म्हातारं झाड, इकडचं आमचं आणि तिकडचं काहूचं. मुळं वर, बुंधा घळीवर आडवा, आणि जागेवर खड्डा. विकीच्या सासरच्या नाही, माहेरच्या चार पिढ्या त्या झाडाला हात लावून मागे फिरल्या. मला वाईट वाटलं, पण विकीकडे विषय काढला नाही. एवढं मोठं झाड पडलेलं तिने पाहिलं असेलच, आणि तिला जर त्यावर बोलायचं नसेल तर मी कशाला खपली काढू?

ती मला पलीकडे झाडीतून येताना दिसली. तिने पाखरांचं ओझं माझ्या खांद्यावर दिलं आणि म्हणाली, "डब्यात काय आहे?" उघडून दाखवला तरी "काय आहे?" मी म्हटलं, "बटाटे." म्हणाली, "सांगायला काय जीभ झिजते?"

८ एप्रिल

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी आम्ही पिसं काढत बसलो होतो, तेव्हा काहू दाराशी आला. आत ये म्हटलं तर आला नाही. टोपीही काढली नाही. विकीला म्हणाला, "आंटी, माझ्या मानुवरची बिळं कुणीतरी फोडलीत. घळीपलीकडची. पिल्लं नेलीत."

विकीचा हात थांबला. "कुणी?"

"तेच विचारायला आलोय. हात पोचत नाही म्हणून बिळाला वरून पाडलेलं भोक नेच्याची पानं दुमडून बुजवलंय. पानाचं देठ आत. असं बुजवायची पद्धत एकाच घराची आहे."

आमच्या घराची. विकीच्या आईने विकीला आणि रेवीला शिकवलेली, आणि रेवीने मला.

बेटावर भांडणं होतात, मारामाऱ्या झाल्यात, कुणी कुणाची बोट उलटवलीय. पण दुसऱ्याच्या मानुवरून पाखरू उचललं असं कुणाबद्दल बोललेलं मी चौतीस वर्षांत ऐकलं नाही. विकी उठून उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला की काहूनेच नजर खाली घातली.

"काहू," ती म्हणाली, "तुझ्या बापाला मी कडेवर घेतलंय. मला हद्द शिकवतोस? घळीच्या काठाने मी जाते, तुपारेला हात लावते, आणि मागे फिरते. जन्मभर. कालही हात लावला आणि मागे फिरले."

काहू म्हणाला, "कुठल्या तुपारेला, आंटी?"

आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. मीठ, दोरी, बूट, डब्यातले बटाटे, माझा कान. घळ वरच्या अंगाला उथळ होते तिथे नकळत ओलांडून ती पलीकडच्या भलत्याच झाडाला हात लावत होती. तिला दिसत नाही. मी इतके दिवस तिच्या उद्धटपणाचा हिशेब मांडत बसले होते आणि बाईला दिसत नव्हतं.

काहू पुढचं बोलणार होता. झाड पडलंय हे त्याने तोंडातून काढलं असतं, की संपलं. न दिसणाऱ्या म्हातारीला या बेटावर कुणी ठेवणार नाही. पुढच्या बोटीत बसवतील, प्रेमाने, शाल पांघरून, आणि ती पुन्हा कधी येणार नाही.

मी म्हटलं, "मी गेले होते."

दोघांनी माझ्याकडे तोंडं वळवली.

"हद्द चुकले नाही, जाणूनबुजून गेले," मी म्हटलं. "आमच्याकडची बिळं रिकामी लागत होती." एकदा तोंड उघडलं की खोटं कसं भराभर येतं!

काहू दारातून एक पाऊल मागे सरला. मग म्हणाला, "नोएलीन, तू सून म्हणून आलीस, आम्ही तुला कधी परकी म्हटलं नाही." मग टोपी आणखी खाली ओढली. "निघायच्या दिवशी सगळी घरं जमतील तेव्हा मला हे सांगावं लागेल. त्यानंतर तुला पुन्हा बेटावर येता येणार नाही. आंटींनी 'ये' म्हटलं तरी."

तो गेला. विकी एक शब्द बोलली नाही. ना त्याच्यासमोर, ना नंतर. बसली आणि पिसं उपटायला लागली.

८ एप्रिल, पुन्हा

एकाच दिवशी दुसऱ्यांदा लिहितेय, कारण आत मावत नाहीये.

मी विचारलं, "किती दिसतं?"

"कडेकडेचं दिसतं. मधलं गेलं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. रेवीला माहीत होतं."

म्हणजे गेली दोन वर्षं रेवी तिच्यापुढे चालत होता ते यासाठी. मला झोपडीकडची बिळं देऊन तो तिच्याबरोबर घळीकडे जायचा, आणि मी मनात जळायचे, की बहीण आली की बायको नको. एकदा तसं बोललेही होते. तो नुसता हसला होता. माझ्याच शेजारी झोपायचा माणूस, आणि एवढी गोष्ट त्याने मला सांगितली नाही. मला त्याचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावून करायचं काय? तो काही भांडायला येत नाही.

मी विकीला म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? तू दया दाखवली असतीस. तुझी दया मला शिळ्या पावासारखी लागते."

"आणि आज मी खोटं बोलले ते?"

"तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला?" ती कडाडली. "माझ्या चुकीचं ओझं उचलायला तू कोण?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. ही बाई आभार मानायची नाही हे मला ठाऊक होतं, पण निदान शिव्या तरी द्यायला नको होत्या. मी म्हटलं, "मी कुणी नाही. म्हणूनच बोलले. माझं जायचं ते जाईल, तसंही मला यायचं नव्हतं. तू राहा तुझ्या बेटावर."

ती उठली, दाराची चौकट चाचपली आणि बाहेर जाऊन पावसात उभी राहिली.

११ एप्रिल

आम्ही आता एकत्र काम करतो, मी पुढे, ती मागे. फांदी, खड्डा, ओंडका. ती काही बोलत नाही, मीही कामापुरतंच बोलते. घळीच्या काठाला मी तिचा हात धरून पडलेल्या झाडाच्या मुळांवर ठेवला. तिने मुळं चाचपली, वरपासून खालपर्यंत, कितीतरी वेळ. मग हात काढला आणि कोटाला पुसला.

मी कशाची वाट बघतेय कळत नाही. ती काहूला खरं सांगेल याची? तिने सांगू नये असंच मला वाटतं. आणि सांगत नाही म्हणून जीव जळतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. रात्री अंग आंबून जातं, तरी पहाटेपर्यंत डोळा लागत नाही.

मला खरंच यायचं नाहीये. ब्लफला माझं घर आहे, हीटर आहे, बसल्या जागी टीव्ही दिसतो. कशाला हवा हा चिखल?

आज दुपारी वारा पडला होता. झाडीतून समुद्र दिसला आणि त्यावर मोठी पाखरं निघाली होती, उत्तरेकडे, पिल्लांना इथे टाकून. विकीने विचारलं, "निघाली का?" मी म्हटलं, हो. "कशी दिसतायत?" मला नीट सांगता येईना. मी म्हटलं, पुष्कळ आहेत. ती म्हणाली, "पुष्कळच असतात," आणि कामाला लागली.

१३ एप्रिल

विकी मला रेवीची सुरी वापरायला सांगते. माझीच चांगली आहे म्हटलं तर ती माझी सुरी काढून घेऊन बसली. नवीन खोड.

१४ एप्रिल

उठले तेव्हा विकी अंथरुणात नव्हती. संडासाकडे बघितलं, नव्हती. दोरी ओली होती, पण ती पावसानेही असते. बाहेर धुकं इतकं की झोपडीच्या दारातून लाकडांचा ढीग दिसेना. तिची काठी नव्हती, बूट नव्हते.

मी हाका मारत घळीकडे पळाले. पळाले म्हणजे काय, या गुडघ्याने जेवढं होतं तेवढं. माझ्या डोक्यात एकच, कडा. घळीचं खालचं तोंडही कड्यावरूनच सरळ समुद्रात उतरतं. मी मोठ्याने म्हणत होते, "विकी, मूर्ख बाई, मर जा, पण आधी ओ दे." असलं काहीबाही. नवरा गेल्यावर मी इतकी घाबरले नव्हते, कारण तो दवाखान्यात, हात धरून, सावकाश गेला. ही माझ्या हातात नव्हती.

घळीच्या काठाला चिखलात तिच्या गुडघ्यांच्या आणि पंजांच्या खुणा दिसल्या. पडलेल्या झाडाच्या बुंध्यावरून ती रांगत पलीकडे गेली होती. काहूच्या मानुवर.

मी हद्द ओलांडली. या वेळी खरोखर.

काहूच्या झोपडीत ती चुलीजवळ बसली होती. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, तळहात सोललेले, एका पायात बूट नाही. हातात चहाचा मग. मला वाटलं होतं तिला पाहिल्यावर मिठी मारेन. त्याऐवजी मी म्हटलं, "बूट कुठे टाकलास?"

"ती आली," विकी काहूला म्हणाली, जसं काही आम्ही सगळे चहालाच जमलो होतो. "हिला विचार. मी जे सांगितलं ते खरं आहे की नाही?"

काहूने माझ्याकडे बघितलं. "आंटी म्हणतात हद्द त्यांनी ओलांडली. त्यांना दिसत नाही म्हणतात. तू खोटं बोललीस म्हणतात."

हो म्हटलं तर ती बेटावरून जाते. नाही म्हटलं तर ती एवढी रांगत आली ते फुकट. मी खाली बसले.

"मला घालवायला नको असं हिने ठरवलं," विकी म्हणाली, "आणि मी तिला ठरवू दिलं, सहा दिवस. मी गप्प बसले. आमच्या घरात कुणी असं गप्प बसलेलं नाही. रेवी असता तर थोबाडीत मारली असती मला, मोठी असले तरी." मग काहूकडे तोंड करून, "मी निघते पुढच्या बोटीने. पण हिचं नाव खोडायचं नाही. मानु हिने सांभाळायचा."

काहू चुलीत लाकडं सारत राहिला. नंतर बोलला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता. "हद्द चुकते, आंटी. धुक्यात माझ्या बापाची चुकली होती. त्याचं काही नाही, घेतली तितकी पाखरं परत द्या, आणि त्या खड्ड्यात हाताला लागेल असा एक खांब रोवा. पण हद्दीबद्दल खोटं? तुम्ही दोघी खोटं बोललात. एकीने तोंड उघडून, एकीने बंद ठेवून. ते मी सोडणार नाही. पुढच्या वर्षी या मानुवर दोघी नाहीत. एकच माणूस येईल. कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा."

"ठरलं," विकी म्हणाली. "ही येईल."

"मी कशी येणार?" मी म्हटलं. "रक्ताचं माणूस बेटावर असल्याशिवाय मला पाय तरी ठेवता येतो का?"

काहू म्हणाला, "हं. ते राहिलंच. मग आंटी येतील."

"एकटी? उतरतानाच समुद्रात जाईल ही. तिला खडक दिसत नाही, बोट दिसत नाही, माझं तोंड दिसत नाही."

"तुझं तोंड न दिसण्यात माझा काही तोटा नाही," विकी म्हणाली.

"मग ये की एकटी! कानावर विसंबून ये!"

"येईन!"

"ये!"

आणि अचानक विकी हसायला लागली. मग मी. का ते सांगता येणार नाही. मी नाक पुसत हसत होते, ती सोललेल्या हातांनी मग धरून हसत होती, चहा मांडीवर सांडत होता. काहू मधे उभा. त्याच्याच झोपडीत त्याच्याच शिक्षेवर दोन म्हाताऱ्या हसतायत, आणि त्याला कळेना रागवावं की काय.

"हसायला काय झालं?"

विकी म्हणाली, "अरे, तू एकीला परवानगी दिलीस, तर एकही येऊ शकत नाही."

काहूने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग वैतागून म्हणाला, "मी एक म्हटलंय ते एकच. शब्द फिरवणार नाही. तुम्ही दोघी मिळून एक माणूस होता ना? मग तेवढं एक माणूस आणा. आणि आता उठा, माझी बिळं राहिलीत."

येताना तो आम्हाला घळीपर्यंत सोडायला आला. विकीला त्याने पाठीवर घेतलं होतं. वाटेत बुटाचा शोध घेतला, सापडला नाही.

१५ एप्रिल

आज काम नाही. विकीचे तळहात धुऊन मलम लावलं, फडकी बांधली. तिने माझा गुडघा शेकला, बांधलेल्या हातांनी, वेडावाकडा. चटकाही दिला. माझी सुरी तिने परत दिली नाही. रेवीचीच वापर म्हणते, ती या घरची आहे म्हणून.

जेवताना म्हणाली, "मग येशील ना पुढच्या वर्षी?"

मी म्हटलं, "बघू. गुडघा काय म्हणतो त्यावर आहे."

"बघ बाई."

मी तिला हो म्हटलं नाही, आणि इतक्यात म्हणणारही नाही. बोट येईपर्यंत तिला जरा वाट बघू दे. पण इथे लिहून ठेवते. मला यायचंय. पहिल्या दिवसापासून यायचं होतं.